चुन्याच्या थराखाली



भिंतीला चुना देणे ही आपल्याकडे शुभकार्याची पूर्वतयारी समजली जाते. दिवाळी जवळ आली, घरात लग्न ठरले, गावची जत्रा किंवा देवळाचा सण आला, की प्रथम चुन्याची आठवण होते. पांढरी भिंत म्हणजे स्वच्छ भिंत, असे आपण लहानपणापासून मानीत आलो आहोत. मी ज्या शाळेत शिकवितो तेथील एका जुन्या वर्गाच्या भिंतीचे पोपडे मुले नखांनी काढीत बसतात. त्याबद्दल त्यांना मी पुष्कळदा दटावले आहे. परंतु एके दिवशी, सगळी मुले घरी गेल्यावर, मीच त्या भिंतीपाशी पाहत उभा राहिलो. पांढऱ्याखाली फिकट निळा, निळ्याखाली रामरजेचा पिवळा आणि त्याच्याही खाली कोणीतरी ओढलेली गेरूची एक जाड रेघ. ती रेघ कशाची, हे सांगणारे शाळेत आता कोणी उरलेले नाही.

आज ज्या देवळाची हकीकत मी आपणांस सांगणार आहे, तेथे अशाच पोपड्यांखालून एक रेघ नव्हे, तर संबंध जग बाहेर आले. आणि बाहेर आल्याबरोबर ते पुन्हा चुन्याखाली गाडण्यात आले. असे का व्हावे, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर परगण्यात पिकरिंग नावाचे एक लहानसे बाजाराचे गाव आहे. गावाच्या उत्तरेस मोकळ्या माळरानांचा विस्तीर्ण प्रदेश सुरू होतो. गावात नॉर्मन राजवटीत उभारलेला किल्ला आहे, आणि संत पेत्र व संत पौल यांच्या नावाने ओळखले जाणारे धर्मग्रामाचे देऊळ आहे. ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतात याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण वसईकडे आम्ही घरात हाच शब्द वापरतो आणि मला तो जवळचा वाटतो. हे देऊळ मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. माझा त्याच्याशी परिचय ग्रंथांतून आणि छायाचित्रांतून झालेला आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

या देवळाचा सर्वांत जुना भाग बाराव्या शतकातील आहे. मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंना दगडी खांबांवर तोललेल्या कमानींच्या ओळी आहेत आणि त्या कमानींच्या वर सरळ उंच भिंती आहेत. १८५२ साली या भिंतींवरील चुन्याचे जुने थर काढीत असता आतून रंग दिसू लागले. आणखी थर काढले तेव्हा माणसे दिसू लागली. घोडे, मुकुट, तलवारी दिसू लागल्या. पंधराव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे सुमारे १४५० नंतरच्या काही वर्षांत, काढलेली ती चित्रे होती. इंग्लंडमध्ये कॅक्स्टनने छापखाना घातला तो १४७६ साली. म्हणजे ज्या काळी त्या देशात छापलेले पुस्तक जवळजवळ कोणी पाहिलेले नव्हते, त्या काळची ही चित्रे.

आता आपण कल्पनेने त्या देवळात शिरू. दक्षिणेकडील दारातून आत पाऊल टाकले की समोर उत्तरेची भिंत येते आणि तिच्यावर एक अवाढव्य पुरुष दृष्टीस पडतो. त्याच्या खांद्यावर लहान मूल आहे आणि तो पाण्यातून चालला आहे. हा संत क्रिस्तोफर. दंतकथा अशी, की हा बलदंड माणूस वाटसरूंना खांद्यावर घेऊन नदी पार करून देत असे. एके रात्री त्याने एका मुलाला उचलले, आणि पावलापावलागणिक ते मूल असे जड होत गेले की संबंध पृथ्वी आपल्या खांद्यावर आहे असे त्याला वाटू लागले. ते मूल म्हणजे साक्षात ख्रिस्त. मध्ययुगात अशी समजूत होती, की ज्याने सकाळी क्रिस्तोफरचे दर्शन घेतले त्याला त्या दिवशी अवचित मरण, म्हणजे पापांगीकार केल्यावाचून येणारे मरण, येत नाही. म्हणूनच इंग्लंडमधील शेकडो देवळांत हे चित्र दाराच्या समोरच, बाहेरून डोकावले तरी दिसेल असे, आणि भरपूर मोठे काढलेले असे. शेतावर निघालेला माणूस दारात उभा राहून मान लववी आणि पुढे जाई. रोमने १९६९ साली सणांचे पंचांग सुधारले तेव्हा क्रिस्तोफरचा सण सार्वत्रिक पंचांगातून वगळला. परंतु मोटारीत त्याची लहान पदके टांगणारे आमचे लोक अजूनही पदके टांगतात.

क्रिस्तोफरच्या एका बाजूला घोड्यावर स्वार झालेला संत जॉर्ज अजगराला भाल्याने विंधीत आहे. दुसऱ्या बाजूला हेरोद राजाची मेजवानी चालली आहे. या मेजवानीच्या चित्राकडे थोडे लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे, कारण जुन्या चित्रकाराची कथा सांगण्याची रीत त्यात चांगली कळते. राजाचे पंक्तीला बसणे, हेरोदियेच्या मुलीचे नाचणे आणि त्या नाचाचे बक्षीस म्हणून बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे शिर तबकात येणे, हे सारे एकाच चौकटीत आहे. आधी काय आणि नंतर काय हे रेषा मारून वेगळे केलेले नाही. आपल्यापैकी ज्यांनी अजिंठ्याची लेणी पाहिली आहेत त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. तेथेही जातककथेतील एकच राजा एकाच भिंतीवर दोनदा-तीनदा भेटतो आणि आपण काही गोंधळत नाही.

त्याच भिंतीवर पुढे पवित्र मारियेचे स्वर्गात मुकुटधारण आहे. त्याच्या पलीकडे पूर्व अँग्लियाचा राजा संत एडमंड झाडाला बांधलेला असून त्याच्या देहात बाण रुतले आहेत; डेन लोकांनी त्याला ८६९ साली ठार मारले. आणि त्यानंतर कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट, ज्याच्यावर राजाचे चार सरदार तलवारी उपसून धावून येत आहेत. या बेकेटकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

दक्षिणेच्या भिंतीवर आलेक्सांद्रियाच्या संत काथरिनेची कथा आहे. बादशहापुढे तिचे निर्भयपणे उभे राहणे, तिचा छळ, ते काटेरी चाक. त्यापुढे ख्रिस्ताचे दुःखसहन चित्रामागून चित्र असे उलगडत जाते, आणि ख्रिस्त अधोलोकात उतरतो तेथे नरक म्हणजे एका राक्षसी प्राण्याचा आ वासलेला जबडा दाखविलेला आहे. 'अधोलोकात उतरला' हे शब्द आम्ही श्रद्धासूत्रात दर रविवारी म्हणतो. पण तो जबडा पाहीपर्यंत त्या शब्दांना काही आकार आहे असे मला तरी कधी वाटले नव्हते.

काथरिनेची कथा आणि दुःखसहन यांच्यामध्ये जी चित्रे आहेत ती मला या देवळातील सर्वांत मोलाची वाटतात. त्यांत ना राजा आहे, ना तलवार, ना चमत्कार. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, बंदिवानाची भेट, आजाऱ्याची विचारपूस आणि मृताला मूठमाती, अशी दयेची सात कृत्ये तेथे काढलेली आहेत. लहानपणी धर्मशिक्षणाच्या तासाला ही सात कृत्ये मी बोटांवर मोजून पाठ केली आणि आता मुलांकडून करून घेतो. त्यांतील पहिली सहा मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या प्रसंगातून आलेली आहेत. सातवे, मृताला पुरण्याचे, तोबीताच्या पुस्तकावरून जोडलेले आहे. पंधराव्या शतकात हे सातवे कृत्य काही केवळ पुस्तकी नव्हते. १३४८ साली इंग्लंडात आलेली प्लेगची महामारी तेव्हापासून वारंवार परतत होती, आणि मेलेल्या शेजाऱ्याला खांदा देणे म्हणजे काय हे त्या देवळात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

या चित्रांना 'निरक्षरांचे बायबल' असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्याचा उगम फार जुना आहे. सुमारे ६०० साली मार्सेयच्या बिशपाने आपल्या देवळातील चित्रे फोडली, तेव्हा पोप थोरले ग्रेगरी यांनी त्याला पत्र लिहून बजावले, की चित्रांची पूजा होऊ न देणे योग्य आहे, पण ती मोडू नयेत. ज्यांना अक्षर येत नाही ते भिंतीवर वाचतात. शिक्षक म्हणून मला हे म्हणणे आवडते, परंतु सर्वस्वी पटत नाही. पिकरिंगची चित्रे उंचावर आहेत, आणि हिवाळ्यातील इंग्लंडचा उजेड तो किती! ज्याला काथरिनेची कथा माहीत नाही त्याला त्या चाकाकडे पाहून काय कळणार? मला वाटते, ही चित्रे शिकविण्यापेक्षा आठवण करून देण्याचे काम अधिक करीत. कथा आजीने सांगितलेली असे, धर्मगुरूने प्रवचनात सांगितलेली असे. भिंत फक्त म्हणे, 'आठवते ना?' फळ्यावरचे चित्र मास्तरांवाचून मुके असते, याचा अनुभव मला रोजचाच आहे.

ही चित्रे काढीत कशी, हेही थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्या पुढील दैवाचा उलगडा त्यातच आहे. साहित्य आपल्या ओळखीचे आहे. दगडी भिंतीवर चुना आणि वाळू यांचा गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि रंग म्हणून गेरू, पिवळी माती, चुन्याचाच पांढरा आणि काजळीचा किंवा कोळशाचा काळा. खेड्यातील देवळांचा मुख्य भार या चार रंगांवरच असे. निळा किंवा शेंदरी हे महागाचे रंग. ते राजाच्या किंवा मोठ्या मठाच्या पैशावाचून सढळपणे मिळत नसत. इटलीत गिलावा ओला असतानाच त्यावर रंग देत, त्यामुळे चुन्याबरोबर रंग पक्का होऊन भिंतीचाच भाग बनून जाई. इंग्लंडात ही ओल्या गिलाव्याची रीत क्वचित आढळते; ससेक्समधील हार्डमचे देऊळ किंवा ग्लॉस्टरशायरमधील केंप्लीचे देऊळ ही बाराव्या शतकातील तिची उदाहरणे होत. परंतु बहुतेक ठिकाणी वाळलेल्या भिंतीवरच चुन्याच्या निवळीत किंवा दुधाच्या चिकात कालवलेला रंग देत. असा रंग भिंतीच्या अंगावर असतो, अंगात मुरलेला नसतो. ओल आली की तो पापुद्र्यासारखा सुटतो. अजिंठ्याचा रंगही वाळलेल्या लेपावर दिलेला आहे, आणि तेथील चित्रांचे पापुद्रे सुटतात त्याचे एक कारण हेच आहे.

आता ही चित्रे झाकली कोणी? आठवा हेन्री रोमपासून फुटून निघाला तो १५३४ साली. १५३८ च्या नोव्हेंबरात त्याने जाहीरनामा काढला, की टॉमस बेकेट हा संत नसून राजद्रोही होता. त्याचे नाव प्रार्थनापुस्तकांतून खोडावे, त्याच्या प्रतिमा सर्व देवळांतून नाहीशा कराव्यात. याचे कारण उघड आहे. बेकेटने चर्चच्या हक्कासाठी दुसऱ्या हेन्रीला विरोध केला होता आणि २९ डिसेंबर ११७० रोजी त्याच्याच कॅथीड्रलमध्ये त्याचा खून झाला होता. राजाला आडवे गेलेल्या माणसाला लोक संत म्हणून भजतात, हे दुसऱ्या कोणाही हेन्रीला कसे रुचावे? पुढे १५४७ साली नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर आला आणि त्याच्या नावाने निघालेल्या आज्ञांत भिंतींवरील व खिडक्यांच्या काचांवरील भाकड चमत्कारांच्या चित्रांची आठवणसुद्धा उरू नये, असे फर्मावण्यात आले. एलिझाबेथच्या अमदानीत वेदीच्या बाजूला दहा आज्ञांचे फलक लावण्याचा हुकूम निघाला. चित्राच्या जागी अक्षर आले.

या सर्व प्रकाराकडे मी तरुणपणी केवळ रागाने पाहत असे. आज तसे पाहत नाही. चुना फासणाऱ्यांत लोभी लोक होते तसे प्रामाणिक लोकही होते. 'तू आपणासाठी कोरीव मूर्ती करू नको' ही आज्ञा त्यांनी अक्षरशः घेतली होती. १५४७ च्या त्याच आज्ञांत असेही एक कलम आहे, की प्रत्येक देवळात गरिबांसाठी कुलपाची पेटी ठेवावी, आणि जो पैसा पूर्वी मूर्तींपुढील मेणबत्त्यांवर आणि यात्रांवर खर्च होत असे तो लोकांनी त्या पेटीत टाकावा. हेतू चांगलाच होता. पण पिकरिंगमध्ये 'भुकेल्याला अन्न द्या' हे सांगणारे चित्रच चुन्याखाली गेले, हे पाहून मन थोडे थबकते.

शेक्सपियरच्या गावी, स्ट्रॅटफर्ड येथे, गिल्डच्या प्रार्थनामंदिरात अशीच चित्रे होती. १५६३ च्या सुमारास ती बिघडवून झाकून टाकण्यासाठी दोन शिलिंग खर्ची पडल्याची नोंद गावच्या हिशेबात आहे, आणि त्या वेळी गावचा हिशेब पाहणाऱ्यांत जॉन शेक्सपियर हा गृहस्थ होता. पुढच्याच वर्षी त्याला मुलगा झाला आणि त्याचे नाव विल्यम ठेवण्यात आले. दोन शिलिंगांत भिंती पांढऱ्या होतात. पण त्या खरवडून काढावयाच्या म्हटले तर मजुरी पुष्कळ पडते. खेडोपाडीच्या देवळांतील व्यवस्थापक हे काटकसरी लोक होते. त्यांनी स्वस्तातले काम केले, आणि त्या काटकसरीमुळेच चित्रे वाचली. चुन्यावर चुना असे थर चढत गेले, आणि धूर, धूळ, ऊन यांपासून रंग झाकलेला राहिला. ज्या बेकेटची आठवणसुद्धा पुसण्याचा राजाचा हुकूम होता तो पिकरिंगच्या भिंतीत गुडघे टेकून सुमारे तीन शतके निजला होता.

आता पुन्हा १८५२ सालाकडे येऊ. चित्रे निघाली तेव्हा देवळाचे धर्मगुरू रेव्हरंड जॉन पॉन्सनबी हे होते. गावातील पुष्कळांना कुतूहल वाटले, काहींना आनंदही झाला. परंतु पॉन्सनबी यांनी आर्चबिशपांना लिहून कळविले, की कला म्हणून ही चित्रे हास्यास्पद आहेत, त्यांमुळे उपासकांचे लक्ष विचलित होईल, आणि प्रॉटेस्टंट देवळात, त्यातही असल्या धोक्याच्या काळात, ती शोभत नाहीत. एका वास्तुशिल्पज्ञाने चित्रांची रेखाटने करून ठेवली, आणि त्यानंतर भिंतींवर पुन्हा चुना चढला.

धोक्याचा काळ तो कोणता? १८४५ साली ऑक्सफर्डचे विख्यात धर्मपंडित जॉन हेन्री न्यूमन यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला होता. १८५० साली नववे पोप पायस यांनी इंग्लंडात कॅथलिक बिशपांच्या गाद्या पुन्हा स्थापन केल्या, तेव्हा सबंध देशात संतापाची लाट उसळली. १८५१ साली पार्लमेंटने त्या बिशपांना अशा पदव्या धारण करण्याची बंदी करणारा कायदा केला. अशा दिवसांत एखाद्या यॉर्कशायरी खेड्यातील पाळकाच्या डोक्यावर अकस्मात मारिया, काथरिना आणि बेकेट उभे राहिले तर तो घाबरला, यात अस्वाभाविक काय आहे? त्याची भीती मला कळते. न कळते ते त्याचे पहिले वाक्य. ही चित्रे हास्यास्पद आहेत असे त्याला खरोखरच वाटले, की भीतीला कलेच्या अभिरुचीचा अंगरखा घालणे त्याला सोईचे झाले? राग आला तर राग आला म्हणावे. चित्र वाईट आहे असे म्हणू नये.

१८७६ पासून, दुसऱ्या पाळकाच्या कारकिर्दीत, चुना पुन्हा काढण्यात आला. या वेळी गावाला चित्रे हवी होती, आणि ती नीट, ठसठशीत, रंगतदार हवी होती. दुरुस्ती करणाऱ्यांनी तसे करून दिले. जेथे रेघ पुसट होती तेथे ती गडद केली, जेथे रंग उडाला होता तेथे नवा भरला. म्हणून आज पिकरिंगमध्ये गेलेल्या माणसाला एका मध्ययुगीन देवळाची अंतर्भिंत कशी भरगच्च दिसत असेल याची कल्पना इंग्लंडमधील इतर बहुतेक ठिकाणांपेक्षा तेथे चांगली येते. वास्तुशास्त्राचे इतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर यांनी या चित्रमालिकेची अशीच वाखाणणी केलेली आहे. परंतु एखाद्या चेहऱ्याकडे बोट दाखवून 'ही पंधराव्या शतकातील रेषा' असे म्हणण्यास अभ्यासक कचरतात. ती रेषा व्हिक्टोरिया राणीच्या काळातील असण्याचा संभव असतो. ज्याने झाकले त्याने चित्र राखले, आणि ज्याने प्रेमाने उघडले त्याने त्यात आपला हात घातला, असा हा विचित्र हिशेब आहे.

अर्थात पिकरिंगचे देऊळ भाग्यवानच म्हटले पाहिजे. त्याच काळात जीर्णोद्धाराच्या उत्साहात इंग्लंडमधील कित्येक देवळांच्या भिंतींवरील गिलावाच टाकीने फोडून काढण्यात आला, कारण उघडा दगड म्हणजेच खरी प्राचीनता अशी तेव्हाची समजूत होती. त्या गिलाव्याबरोबर कोणती चित्रे गेली ते आता कोणीही सांगू शकणार नाही. या मोडतोडीला कंटाळूनच विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती ऐकून हैदराबाद आणि औरंगाबादकडील श्रोत्यांना आपली एक जुनी जखम आठवेल. मघाशी ज्या केंप्लीच्या देवळाचे नाव घेतले तेथील चित्रे १८७२ साली चुन्याखालून निघाली, आणि ती टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचे रोगण चढविण्यात आले. लाख म्हणजे आपल्याच रानातील झाडांवर किडे करतात ती. प्रथम रंग झळाळले. पुढे रोगण पिवळे-तपकिरी पडले, आणि १९५५ साली एका कुशल संरक्षक बाईंनी ते काढले तेव्हा कोठे मूळ रंगांनी श्वास घेतला. अजिंठा निजामाच्या राज्यात असताना, १९२० ते १९२२ या काळात, त्या सरकारने चित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवून पुष्कळ चित्रे वाचविली, हे खरे. पण त्यांनी दिलेले लाखेचे रोगणही कालांतराने काळवंडले, आणि ते उतरविण्यात भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांचे दीर्घकाळ श्रम खर्ची पडले. तीच लाख, तीच सदिच्छा आणि तोच परिणाम.

इंग्लंडात लाखेची जागा पुढे मेणाने घेतली. प्राध्यापक ट्रिस्ट्रम या विद्वानाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कितीतरी देवळांतील चित्रे शोधली, त्यांच्या नकला केल्या, त्यांवर मोठे ग्रंथ लिहिले. या विषयाचे ज्ञान जितके त्यांचे ऋणी आहे तितके क्वचितच कोणाचे असेल. पण रंग उठून दिसावा म्हणून त्यांनी भिंतींवर मेण चढविले. जुनी भिंत ही श्वास घेणारी वस्तू आहे. जमिनीतून वर चढणारी ओल तिच्या पृष्ठभागातून बाहेर पडत असते. मेणाने ती वाट बंद झाली. आतली ओल रंगाला पाठीमागून ढकलू लागली आणि बाहेरची धूळ मेणात रुतून चित्र काळे पडले. पुढील पिढीतील संरक्षकांची वर्षेच्या वर्षे हे मेण काढण्यात गेली. कोव्हेंट्रीच्या होली ट्रिनिटी देवळातील अंतिम न्यायाचे भव्य चित्र १८३१ साली सापडले, त्यावर रोगण देण्यात आले, आणि ते इतके काळवंडले की तेथे चित्र आहे हेच लोक विसरले. रोगण उतरवून २००४ साली ते पुन्हा लोकांसमोर आले. एका अर्थी त्याचा शोध दोनदा लागला.

आज या क्षेत्रातील शहाणी माणसे चित्राला हात लावण्यापूर्वी छपराकडे पाहतात. पन्हळ फुटली आहे काय, भिंतीच्या पायथ्याशी माती चढली आहे काय, मागच्या पिढीने चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा दिला आहे काय, हे आधी तपासतात. गोव्यातील जांभ्या दगडाच्या चर्चना पावसाळ्यासाठी चुना का देतात हे जाणणाऱ्या जुन्या गवंड्याला यातील काही नवे वाटणार नाही. सुटलेला पापुद्रा चुन्याच्याच बारीक लगद्याने मागून टेकवितात. जेथे रंग गेला आहे ती जागा रिकामी ठेवतात. तेथे स्वतःचे काही काढीत नाहीत. चेहरा नसेल तर चेहरा नाही. पाहणाऱ्याने ते सोसावे, अशी त्यांची अपेक्षा असते.

पिकरिंगचे देऊळ आजही धर्मग्रामाचे देऊळ आहे. तेथे अँग्लिकन पद्धतीची उपासना चालते, आणि ज्या भिंतींची पॉन्सनबी यांना धास्ती वाटली त्याच भिंती पाहण्यासाठी दूरदूरचे लोक त्या गावात येतात. त्यांत प्रॉटेस्टंट असतात, कॅथलिक असतात, आणि ज्यांचा कोणत्याच देवळाशी संबंध नाही असेही असतात. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला क्रिस्तोफर प्रथम दिसतो.

आमच्या शाळेत या दिवाळीपूर्वी चुना द्यावयाचा आहे. त्या एका वर्गाची भिंत खरवडू नये, पोपडे आहेत तसे ठेवून वरूनच हलका हात फिरवावा, असे मी रंगाऱ्याला सांगून ठेविले आहे. 'मास्तर, काम चांगले दिसणार नाही,' असे तो म्हणाला.